बिनमोरचुदाची खळ

भिलाईत आम्ही आलो तेव्हा आमच्या घराला भिंत नव्हती, बांबूचे तट्टे होते. बाबा भंडाऱ्याकडचं गाव सोडून पॅसेंजर गाडीनं आधी एकटे आले होते, मग आम्हाला घेऊन आले. कारखाना अजून कागदावर होता. जमिनीवर होते ते नुसते खड्डे, एवढे मोठे की काठावर उभं राहिलं की आत काम करणारी माणसं ओळखू येत नसत. बाबा खड्ड्यात खोदायचे आणि आई घमेलं डोक्यावर घेऊन मुरूम वर आणायची. तिच्या टाळूवर चुंबळीखाली रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. तिथे पुन्हा कधी केस आले नाहीत.

कॅम्पातल्या त्या झोपडीत तट्ट्यांच्या फटींतून वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर लाल धूळ. भाकरीवर धूळ, पाण्यावर धूळ. माझा धाकटा भाऊ त्याच झोपडीत तापानं गेला. ठेकेदारानं आईला अर्धा दिवस घरी जाऊ दिलं आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. हे मी कोणाला दया यावी म्हणून लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्याचा हिशेब कुठून सुरू होतो ते कळावं म्हणून लिहिते आहे.

आईनं फटी बुजवायला ठेकेदाराच्या कचेरीतून जुनी वर्तमानपत्रं मागून आणली आणि पिठाची खळ शिजवून ती तट्ट्यांना आतून चिकटवली. वर्तमानपत्रं इंग्रजी होती. पहिल्या पावसाळ्यात खळीला किडे लागले. झुरळं आणि ते चंदेरी, सळसळणारे कसरीचे किडे रात्रंदिवस कुरतडत आणि दिवाळीच्या आत सगळे कागद गळून पडले. शेजारच्या बाईनं सांगितलं, खळीत मोरचूद टाका. मोरचूद म्हणजे किराणावाल्याकडे मिळणारे निळे खडे, विषारी. ते विरघळवून घातले की खळीला कीड लागत नाही. दुसऱ्या खेपेचे कागद आम्ही झोपडी सोडेपर्यंत जागचे हलले नाहीत. तेव्हापासून आई खळ करायला बसली की मला दूर बसवायची. "बोटं चाटशीन वं, मरशीन," म्हणायची.

आईला अक्षर येत नव्हतं. त्यामुळे अर्धे कागद तिनं उलटे चिकटवले होते. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची. शाळेत इंग्रजीची अक्षरं शिकवायला लागले तेव्हा मी ती घरी येऊन भिंतीवर शोधायची, सुलटीही आणि उलटीही. वर्षभरात मला इंग्रजी दोन्ही बाजूंनी वाचता येऊ लागलं. सगळ्यांना तसं येतं असंच मला वाटायचं.

मग पहिली भट्टी पेटली, बाबांना कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून कायम केलं आणि आम्हाला सेक्टरात क्वार्टर मिळालं. विटांच्या भिंती, नळ, बल्ब. आईनं पहिल्या दिवशी भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या भिंतीवर आम्ही एकच फोटो लावला, निळ्या कोटातला, आमच्या सगळ्यांच्या घरी असतो तो. बाबा म्हणाले, "आता ह्या पोरीनं शिकलं पाहिजे. पुरं. अर्धं नाही."

मी मॅट्रिक झाले आणि दुर्गच्या कॉलेजात नाव घालायला गेले.

सोबत आई आली होती. बाबांची पहिली शिफ्ट होती. फीमाफीच्या अर्जावर इंग्रजीच्या मुख्य प्राध्यापकांची सही लागायची, कारण माफीवाल्या मुलांकडून ग्रंथालयात काम करून घेत आणि ग्रंथालय त्यांच्याच ताब्यात होतं. आपल्याच भाषेचे, नागपूरकडचे गृहस्थ. आईला बरं वाटलं होतं, मराठी माणूस आहे म्हणून.

त्यांच्या टेबलासमोर एक खुर्ची होती, वेताची. आई दुर्ग स्टेशनपासून चालून आली होती. ती बसली.

"बाई, तिथं नाही," ते म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. "बाहेर व्हरांड्यात बसा."

आई उठली. तिनं पदर सावरला, जणू चूक पदराचीच होती, आणि बाहेर गेली. त्यांनी घंटी वाजवली. शिपाई आला.

"ती खुर्ची ओल्या फडक्यानं पूस."

शिपायानं पुसली. मी उभी होते. खुर्ची वाळेपर्यंत त्यांनी माझा अर्ज वाचला.

"इंग्रजी घ्यायचं आहे? इंग्रजीच का? तुमच्यातल्या मुलींनी काहीतरी हाताला लागेल असं शिकावं. शिवण वगैरे. साहित्य हा संस्काराचा विषय आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या मुरावा लागतो."

"सर, मले मार्क चांगले आहेत," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडून घरचं मराठी यायचं.

"मले," ते हसले. "बरं. करतो सही. ग्रंथालयात रोज येत जा. पुस्तकं पुसायची, चिकटवायची. ते जमेल."

परत येताना आई गाडीत खिडकीशी बसून म्हणाली, "साहेब चांगला हाय ना? सही तं केली."

त्या दिवशीच मी ठरवलं की ह्या माणसाला एक दिवस मी ओला फडका हातात धरायला लावीन. कसं ते माहीत नव्हतं. पण वेळ भरपूर होता आणि मला विसरायची सवय नाही.

ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली. उघडी कपाटं भिंतीला लागून आणि कोपऱ्यात एक कुलपाचं कपाट. कुलपाच्या कपाटात विद्यार्थ्यांनी वाचू नयेत अशी पुस्तकं. किल्ली सरांच्या खिशात. एखादं पुस्तक अगदीच वाईट नसलं तर सर त्याला कपाटात डांबण्याआधी साफ करत. म्हणजे लाल-निळी पेन्सिल घेऊन आक्षेपार्ह ओळींना कंस करत आणि त्यावर खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवून घेत. पाहुणे आले, वरचे अधिकारी आले की कपाट उघडून दाखवत: आमच्याकडे सगळं आहे, पण शिस्तीत आहे.

पट्ट्या चिकटवायचं काम दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आलं. आधी हे काम एक बी.कॉम.चा मुलगा करायचा. तो वाचत बसायचा म्हणून त्याला काढलं. मला का घेतलं हे सरांनी माझ्यासमोरच दुसऱ्या एका प्राध्यापकांना सांगितलं, मी टेबल पुसत असताना, मी तिथे नसल्यासारखं.

"हिच्या हातात दिलं तर धोका नाही. धड्यापुरतं पाठ करते. कादंबरीचं इंग्रजी हिला कुठून कळणार? घरी कोणी बोलणारं नाही."

ते दोघं हसले. ही त्यांची चूक. लपवायचं ते लपवायला कोणाच्या तरी हातात द्यावंच लागतं, आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

त्याच वर्षी रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन साहेब नोकरी संपवून निघून गेला आणि जाताना त्यानं पुस्तकांची एक पेटी कॉलेजला दिली. त्यात एक आयरिश कादंबरी होती. वेष्टनाच्या आतल्या बाजूला छापलं होतं की ह्या लेखकाच्या स्वतःच्या देशात ह्या पुस्तकावर बंदी आहे. सरांनी ते वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. पुस्तक फेकायचं त्यांच्या मनात नव्हतं. जाड पुठ्ठा, लंडनचा छाप. त्यांना ते कपाटात हवं होतं, पण साफ करून.

आठवडाभर ते पेन्सिल घेऊन बसले. मी त्यांच्यासमोर पट्ट्या कापत उभी असायची. टेबलाच्या ह्या बाजूनं पान उलटं दिसायचं आणि उलटं वाचायला तर मी आमच्या झोपडीत शिकले होते. सर एका ओळीला कंस करायचे तोवर माझी ती वाचून झालेली असायची. नंतर पुस्तक माझ्याकडे यायचं, चिकटवायला. तेव्हा मी ते सुलटं वाचायची, सावकाश, एकेक ओळ झाकण्याआधी. झाकलेली प्रत्येक ओळ मला पाठ झाली. न झाकलेल्या नाही झाल्या.

गोष्ट साधी होती. दलदलीच्या मुलखातली एक गरीब मुलगी गावच्या पाद्र्याच्या घरी मोलकरीण म्हणून राहते. पाद्र्याच्या भाच्यापासून तिला दिवस जातात. गाव तिला टाकतं आणि ती बोटीत बसून इंग्लंडला निघून जाते. एवढीच. मुलगी आणि भाचा जवळ येतात तिथे पट्टी, तिचं पोट दिसायला लागतं तिथे पट्टी. हे मला समजत होतं. कॉलेजच्या पोरांच्या हातात जाणार, असं म्हणता आलं असतं.

पण मध्येच एक पान होतं जिथे असलं काही नव्हतं. पाद्री परगावी गेला आहे. दुपार आहे. मुलगी त्याच्या जेवणाच्या खोलीत जाते, त्याच्या खुर्चीत बसते, स्वतःसाठी उकडलेलं अंडं त्याच्या चमच्यानं फोडते, मीठ घालते, खाते. खुर्चीला काही होत नाही, असं लेखकानं लिहिलं होतं. मग ती चमचा न धुता जागेवर ठेवते आणि कामाला लागते. बस. अख्ख्या पानात कोणी कोणाला हात लावत नाही.

त्या पानाला सरांनी वरपासून खालपर्यंत कंस केला होता. पेन्सिल इतकी दाबून की कागद मागून उठून आला होता. पुस्तक माझ्या हातात देताना म्हणाले, "ह्याच्यावर दोन थर दे."

मी म्हणाले, "हो सर."

खळ मी घरूनच न्यायची, कारण आता कॉलेजला डिंकाचा खर्च परवडत नाही असं सर म्हणायचे. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे बसली होती. खळ आटत आली तशी तिनं मोरचुदाची पुडी उघडली.

"नको टाकू," मी म्हणाले.

"कावून वं? किडे खातीन ना."

"खाऊ दे."

"मंग चिकटवून कायले राहिली तू?"

"ज्यानं चिकटवाले सांगितलं त्याले चिकटलेलं दिसलं म्हणजे झालं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती निरक्षर होती, बावळट नव्हती. पुडी बांधून ठेवली. जरा वेळानं म्हणाली, "तो खुर्चीवाला ना?" म्हणजे तिलाही सगळं लक्षात होतं. गाडीत ती माझ्यासाठी तसं बोलली होती. मग तिनं खळीत वरून चिमूटभर गूळ टाकला. "लवकर येतीन," म्हणाली.

त्या पुस्तकातल्या सगळ्या पट्ट्या मी त्याच गुळाच्या खळीनं लावल्या, त्या पानावर दोन थर. आणि पुस्तक कुलपात गेलं.

शेवटच्या वर्षी इंग्रजी घेतलेल्या मुलांना एका पेपराऐवजी एक लांब निबंध लिहावा लागे, एखादं पुस्तक घेऊन, आणि बाहेरून आलेले परीक्षक त्यावर तोंडी परीक्षा घेत. निबंध नापास तर इंग्रजी नापास, इंग्रजी नापास तर बी.ए. नाही. बाबांनी सेक्टरातल्या निम्म्या लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी बी.ए. होऊन राहिली.

मी सरांना विषय दिला: आयरिश कादंबरीतलं खेडं. पुस्तक कोणतं तेही सांगितलं.

त्यांना गंमत वाटली. "त्यात तुला काय कळणार? बरं, तुझ्या लोकांना खेड्यातलं दैन्य कळतं. लिही. पट्ट्यांच्या बाहेर जेवढं आहे तेवढं वाच, पुरेसं आहे." सही केली. कपाटातून पुस्तक काढून द्यायचे, समोर बसवून वाचायला लावायचे आणि परत कुलपात ठेवायचे. पाऊस लागायच्या आत माझं वाचून झालं आणि मग पुस्तक कुलपातच राहिलं.

पट्ट्यांच्या आतलं माझ्याजवळ होतंच. बाहेरचं काय ते आता शोधायचं होतं: आयर्लंडमध्ये ह्या पुस्तकावर बंदी कोणी घातली, कशी. कॉलेजच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेली जुनी विलायती मासिकं होती. ती कोणी उघडत नसे, धूळ झटकायला फक्त मी. सुट्टीच्या दुपारी मी ती एकेक करून वाचली. तिथे मूठभर मोठ्या माणसांचं एक मंडळ होतं. कोणीही तक्रार करून पुस्तक पाठवायचं, वाईट ओळींखाली रेघा मारून. मंडळाला पूर्ण पुस्तक वाचायला वेळ नसला तर रेघांपुरतं वाचायचे आणि बंदी घालायचे. लेखकाला कोणी विचारायचं नाही. माणसं शेजारच्या मुलखातून ती पुस्तकं बटाट्यांच्या पिशवीत घालून आणायची. आमच्या पुस्तकाबद्दल दोन-तीन ठिकाणी मजकूर सापडला. आक्षेप सगळे त्या मुलीच्या पोटाबद्दल होते. खुर्चीबद्दल आणि अंड्याबद्दल एक शब्द कोणी काढला नव्हता.

हे लक्षात आलं तेव्हा मी मासिक मिटलं आणि तशीच बसून राहिले. शिपाई झाडत आला. छत्तीसगडी म्हातारा, सरांनी आईची खुर्ची ज्याच्याकडून पुसून घेतली तोच. "का होगे नोनी?" त्यानं विचारलं, काय झालं पोरी म्हणून. काही नाही म्हणाले. पण मला माझा निबंध सापडला होता.

घरी बाबा रात्रपाळीला निघायच्या आधी मी लिहीत बसलेली पाहायचे.

"काय लिहून राहिली?"

"आयर्लंडचं पुस्तक हाय. त्याच्यावर बंदी होती."

"इंग्रजानं घातली?"

"नाही. इंग्रज गेल्यावर. त्यायच्याच लोकायनं."

बाबांनी डबा सायकलला अडकवला. "मंग समजलं," म्हणाले. "आपल्याले समजवून सांगाची गरज नाही." आणि गेले.

निबंधाचा पहिला भाग मी खेड्यावर लिहिला, सरांना हवा तसा. दुसऱ्या भागात मी झाकलेल्या ओळी लिहिल्या, पान आणि जागेसकट, आणि विचारलं की कोणत्या देशात काय झाकलं जातं आणि का. एकच पुस्तक. तिकडे पोट झाकलं. इकडे पोट झाकलं आणि खुर्ची दोनदा झाकली. कोणाचं नाव लिहिलं नाही. गरज नव्हती.

सरांनी निबंध वाचून मला बोलावलं. निबंध टेबलावर होता. मी उभी.

"पट्ट्या काढल्यास?"

"नाही सर. कपाट उघडून पाहा."

"मग ह्या ओळी कुठून आल्या?"

"पट्ट्या मीच लावल्या ना सर."

मला वाटतं इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्यांचा आवाज तसाच सौम्य झाला, खुर्चीच्या वेळेसारखा.

"ह्या ओळी पुस्तकात आहेत असं तू म्हणतेस. पण तू परीक्षकाला दाखवणार कशा? पुस्तक माझ्याकडे आहे. दुसरा भाग काढून टाक, मी तुला पास करून देतो."

"नाही काढत सर."

"विचार कर. तुझा बाप खलाशी आहे."

"म्हणूनच नाही काढत."

त्यांनी पेन उचललं आणि निबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला लागले. मी टेबलाच्या ह्या बाजूनं उलटं वाचलं: दुसऱ्या भागातले उतारे मूळ पुस्तकात आढळत नाहीत. विद्यार्थिनीने ते रचलेले दिसतात. खाली सही. म्हणजे मी नुसती नापास नव्हते, खोटारडी होते. घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त आईला विचारलं, "माय, बिनमोरचुदाची खळ किती दिवस टिकते?"

"पावसात? नाही टिकत," आई म्हणाली. "अन्‌ गूळ टाकला व्हता मी."

मधे एक पूर्ण पावसाळा गेला होता.

तोंडी परीक्षा सरांच्याच खोलीत झाली. परीक्षक जबलपूरकडून आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी माझा निबंध वाचला होता आणि त्यावरचा शेराही.

"बसा," ते मला इंग्रजीत म्हणाले.

टेबलासमोर तीच वेताची खुर्ची होती. मी बसले. पाठ टेकून बसले. सर बाजूला उभे होते.

"तुमच्या प्राध्यापकांचं म्हणणं आहे की हे उतारे पुस्तकात नाहीत. तुमचं म्हणणं?"

"आहेत सर. पुस्तक ह्याच कॉलेजात आहे."

"मग आणा की. भांडण कशाला?"

सर म्हणाले की कपाटाची किल्ली सध्या हाताशी नाही. शिपाई चहाचे कप उचलत होता. तो कप उचलता उचलता म्हणाला, "चाबी तो आपेच के खीसा म हे साहेब."

परीक्षकांना नेमकं हे ऐकू आलं.

पुस्तक आलं. परीक्षकांनी ते टेबलावर ठेवून उघडलं आणि पहिलीच पट्टी सुटून त्यांच्या मांडीवर पडली. दुसरी पानाबरोबर उठली आणि टेबलावरून घसरत खाली गेली. त्यांनी पुस्तक जरा हलवलं. खाकी पट्ट्या वाळक्या पानांसारख्या गळायला लागल्या, कडांना कुरतडलेल्या, काहींना भोकं. चार-दोन अक्षरं किड्यांनी खाल्ली होती. बाकी सगळं वाचता येत होतं, त्याभोवती सरांच्या निळ्या पेन्सिलीचे कंस तसेच होते.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

सर खाली वाकून पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले.

"मुली, तुझा तो उतारा वाच. खुर्चीचा. मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतं."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी ते परत त्यांच्याकडे सरकवलं आणि उतारा पाठ म्हटला. मोठ्यानं. खिडकीबाहेर व्हरांड्यात आपल्या पाळीची वाट पाहत उभी असलेली सगळी मुलं गप्प झाली. त्या दिवशी सोबत आलेली आईही तिथेच होती, व्हरांड्याच्या पायरीवर. तिला इंग्रजी कळत नव्हतं. तिनं फक्त पाहिलं की मी कोणत्या खुर्चीत बसले आहे. तिच्यासाठी ते पुरे होतं.

मी म्हणत असताना परीक्षक पुस्तकात बोट ठेवून ओळीओळीनं जुळवत होते. संपलं तसं त्यांनी सरांकडे पाहिलं.

"ह्या पानात अश्लील काय आहे? मी शोधतो आहे. मला सापडत नाही. तुम्ही दाखवा."

सर म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या संस्काराच्या दृष्टीनं…" आणि थांबले. पुढचं वाक्य त्या खोलीत म्हणण्यासारखं नव्हतं. म्हणता येण्यासारखं असतं तर ते त्यांनी मी खुर्चीवर बसले तेव्हाच म्हटलं असतं.

परीक्षकांनी निबंधावरचा शेरा खोडला, शेजारी स्वतःची सही केली. जाताना ते प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बसले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा हुकूम आला की कुलपाच्या कपाटातली पुस्तकं साफ करून उघड्या कपाटात लावावीत.

सरांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पट्ट्या काढायच्या आहेत. कोमट पाणी आणि फडका घेऊन ये."

जुन्या पुस्तकांवरच्या पट्ट्या त्या बी.कॉम.च्या मुलानं चांगल्या डिंकानं लावल्या होत्या. त्या सहज निघणार नव्हत्या.

"सर, माझं फीमाफीचं काम संपलं," मी म्हणाले. "आता मी विद्यार्थिनीसुद्धा नाही. निकालाची वाट पाहते आहे."

शिपाई त्या आठवड्यात गावी गेला होता, का मुद्दाम गेला होता, मी विचारलं नाही. दुपारी मी एक मासिक परत करायच्या निमित्तानं ग्रंथालयात गेले. सर बाह्या वर करून बसले होते. समोर पाण्याचा टोप, हातात ओला फडका. एकेक पान ओलं करत आणि नखानं पट्टी खरवडत होते. मी मासिक जागेवर ठेवलं. मग एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसून दुसरं मासिक वाचायला घेतलं. त्यांनी वर पाहिलं नाही. मी संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथे बसले. मासिकात काय होतं ते मला आठवत नाही.

लोक म्हणतात, एवढ्या वर्षांनी राग सोडून द्यावा. सर आता नाहीत. त्यांनी काही मुलांना चांगलं शिकवलं असेल, मला माहीत नाही, मला नाही शिकवलं. मी पुढे भिलाईतच शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गात पोरांच्या आया यायच्या तेव्हा मी आधी खुर्ची पुढे करायची आणि मग बोलायची. हा राग सोडला असता तर ते मला सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हणून नाही सोडला.

निकाल लागला. आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी झाले, इंग्रजी घेऊन, दुसऱ्या वर्गात, आणि ती कादंबरी दुर्गच्या कॉलेजात उघड्या कपाटात आली.